उणे एक

बदलीवर जाणाऱ्याने ओझे कमी न्यावे, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत. त्यास अनुसरून शिलाँगला येताना आम्ही दोन ट्रंका, एक कुकर आणि तळहातावर मावणारा 'रास्पबेरी पाय' नावाचा छोटा संगणक एवढेच आणले. विंडोजचा जुना लॅपटॉप साताऱ्यास आईजवळ ठेवला.

अण्णांनी अखेरच्या वर्षांत आपल्या आठवणी जुन्या देवनागरी टंकात टंकित केल्या होत्या. तो टंक आता कोठेही दिसत नाही. म्हणून त्यातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक आज्ञावली आम्ही सी भाषेत लिहिली होती. त्या आठवणी घरच्या यंत्रावर ३१ पानांच्या भरल्या आणि 'बदलीचा हुकूम हाती आला आणि आम्ही बि' येथे तुटल्या. अण्णांचे दुखणे त्याच सुमारास बळावले होते. हात तेथेच थांबला असावा, असे आम्ही धरून चाललो. आईनेही तेच मानले.

यंदा त्यांच्या स्मृतिदिनी ती पाने बांधून आईस द्यावी, असे मनात आले. मूळ फाईल व आज्ञावली बरोबर होतीच. सी भाषा म्हणजे कोणत्याही यंत्रावर चालणारी, ही आमची श्रद्धा. १९७३ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचा गाभा याच भाषेत नव्याने लिहिला गेला आणि पुढे ती यंत्रायंत्रांतून हिंडू लागली. मात्र बाइटांचा क्रम उलटा असलेल्या एका यंत्रावर तिचे नाव 'न्यूक्सी' असे उमटले, ही गोष्टही त्या व्यवसायातील लोक हसत सांगतात. आम्हीही ती हसूनच ऐकली होती.

कंपायलर चालविताच चुकांनी पडदा भरला. अशा वेळी शेवटची चूक पाहून घाबरू नये. पहिली वाचावी, कारण बाकीच्या बहुधा तिचीच पिलावळ असते. पहिली चूक सांगत होती की, एक फाईल सापडत नाही. फाईल समोर होती. नावाचे पहिले रोमन अक्षर मात्र आम्ही एके ठिकाणी मोठे व दुसरीकडे लहान लिहिले होते. विंडोज असला भेद मनावर घेत नाही, लिनक्स घेते. ते सुधारले, तो आज्ञांची यादी चालेना. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा असतात, लिनक्सवर एकच. ती जादा खूण पुसली आणि आज्ञावली एकदाची बांधली गेली.

ती चालवली, तो अण्णांचा मजकूर झरझर सरकू लागला आणि मग 'ऱ्हऱ्हऱ्हऱ्ह' अशी अक्षरांची रांग लागली, ती काही केल्या थांबेना. वैतागून आम्ही आज्ञावली मध्येच तोडली.

कंपायलरकडे सगळे इशारे मागितले, तेव्हा त्याने एका ओळीवर बोट ठेवले: ही तुलना सदैव खरीच ठरणार. फाईल संपली की वाचणारास उणे एक ही खूण मिळते. ती खूण आम्ही एका अक्षराच्या खणात ठेवीत होतो. त्या खणात २५६ किमती मावतात. पण त्या उणे १२८ पासून मोजाव्या की शून्यापासून, हे सी भाषेने ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले आहे. घरच्या यंत्रावर मोजणी पहिल्या रीतीची, या नव्या यंत्राच्या लिनक्सवर दुसऱ्या. येथे उणे एकचे २५५ होत होते, म्हणून शेवट कधी येतच नव्हता. आणि २५५ हा त्या जुन्या टंकात 'ऱ्ह' या जोडाक्षराचा क्रमांक होता.

आम्ही कपाळाला हात लावला. घरच्या यंत्रावर याच्या नेमके उलट घडत होते! तेथे २५५ चे उणे एक होत होते. पहिला 'ऱ्ह' भेटताच आज्ञावली फाईल संपली असे समजून गुमान थांबत होती. एकही चूक दाखवीत नव्हती, म्हणून आम्ही तिला बिनचूक म्हणत आलो होतो. मूळ फाईलचा आकार पाहण्याचेदेखील आम्हांस सुचले नव्हते.

खण मोठा केला. अक्षराच्या जागी पूर्णांक ठेवला. त्यात २५५ आणि उणे एक दोघेही आपापल्या जागी सुखाने राहतात. बदल एका शब्दाचा. पाने भरली ५८. 'आम्ही बि' याच्यापुढे 'ऱ्हाड हलविले' असे होते, आणि मग कऱ्हाडचे भाड्याचे घर, नवी शाळा आणि आईने पहिल्या दिवशी शेजारून आणलेला विस्तव.

घरी असताना कित्येक गोष्टी केवळ कोणी हरकत घेत नाही म्हणून बरोबर ठरतात. त्यांची तपासणी व्हावयास परमुलूख लागतो, हे बदलीच्या नोकरीतील वाचकांस आम्ही नव्याने काय सांगावे?

त्याच रात्री आम्ही आईस फोनवर ती पाने वाचून दाखविली. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. वाचन संपल्यावर म्हणाली, "म्हणजे त्यांनी मध्येच सोडलं नव्हतं तर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ते विस्तवाचं पुन्हा एकदा वाच."