न वाळणारे झाड

घरात खोटे झाड आणू नये, असे माझे ठाम मत होते. आमच्या घरात माझ्या इतर ठाम मतांचे जे होते, तेच याही मताचे झाले.

2018 साली आम्ही सदाशिव पेठेतला वाडा सोडून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात आलो. गॅलरी उत्तरेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आईने वाड्यातून जपून आणलेला मोगरा तीन महिन्यांत गेला, त्याच्या मागोमाग जास्वंद. आई रिकाम्या कुंड्यांकडे बघत बसू लागली, तेव्हा सौभाग्यवतींनी बाजारातून एक कमरेएवढे झाड आणले. दुकानदार त्याच्या पानांना ‘सिल्क’ म्हणत होता. पण रेशमाच्या किड्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. कापड पॉलिएस्टरचे, देठ प्लॅस्टिकचे, आत लोखंडी तार. “पाणी नको, निगराणी नको,” असे म्हणे त्याने सांगितले. आई म्हणाली, “मग त्याला झाड कशाला म्हणायचं?” आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

दुकानदाराचे बोलणे अर्धेच खरे निघाले. खरे झाड मोठे हुशार असते. जुनी पाने टाकून देते, नवी काढते. पावसाच्या एका सरीत त्याचे अभ्यंगस्नान होते. हे बिचारे पहिल्या दिवसाचे पान जन्मभर वागवते, आणि त्याच्यावरची धूळही! त्यातून आमचे स्वयंपाकघर शेजारीच. फोडणीच्या तेलकट वाफेवर धूळ बसली की तिचा जो चिकट थर होतो, तो फुंकरीने जात नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत हे काम माझ्या वाट्याला आले. मी बादलीत कढत पाणी घेतले, कपड्यांची पावडर टाकली आणि झाड उलटे बुडवले. पाणी हिरवे झाले. मळ निघतो आहे, असे समजून मी आणखी खंगाळले. मग ते गच्चीवर वाळत ठेवले आणि विसरलो. ऑक्टोबरचे ऊन ते! आठ दिवसांनी खाली आणले, तेव्हा एक बाजू पिवळट पडली होती आणि सांध्यासांध्यांतून गंज डोकावत होता.

“अरे, तान्ह्या पोराला कुणी असं कढत पाण्यात बुचकळतं का?” आई कडाडली. झाडाबद्दल तिचा तो पहिला शब्द.

तेव्हापासून झाड तिच्या ताब्यात आहे. दर शनिवारी ती कोरड्या मऊ ब्रशाने वरून खाली धूळ झाडते. चिकटपणा असला तर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून, फडके घट्ट पिळून, एकेक पान तळहातावर धरून पुसते. तेही आधी मागच्या एका पानाचा रंग जातो का ते बघून. तारेला पाणी लागू देत नाही. वाळवायचे ते पंख्याखाली. सौ.ची युक्ती निराळी: कागदी पिशवीत मूठभर जाडे मीठ घालून त्यात फांदी हलवायची, धूळ मिठाबरोबर झडते. आईला ती पसंत नाही. मीठ आणि झाड हे शब्द एकत्र आले तरी ती दचकते.

मी माझ्या पापाची ती पिवळट बाजू भिंतीकडे करून ठेवतो. सकाळी पाहावे तर ती गॅलरीकडे वळलेली. चार-पाचदा असे झाल्यावर मी विचारले.

“वाड्यात कुंड्या फिरवत नव्हते का मी? एकाच अंगाला किती दिवस ऊन द्यायचं?”

“अगं, पण उन्हानं ते आणखी फिकं पडेल.”

तिने हातातले पान पुसून खाली सोडले, दुसरे घेतले. “इथं ऊन येतंय कुठं?” ती म्हणाली.