मावशी आणि अरीथा

डेट्रॉइटमधल्या आमच्या शेजारीणबाईंचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते आठवलं की एक गाणं हटकून आठवतं. लग्न होऊन मी तिथे गेले तो १९८७चा हिवाळा. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तो कामावर गेला की घरात मी आणि बाहेर बर्फ. या बाईंनी मला गाडी शिकवायचं मनावर घेतलं. चर्चच्या गायनमंडळात आयुष्य गेलेली कृष्णवर्णीय बाई. मी तोंडावर त्यांना ‘मॅम’ म्हणे, घरी नवऱ्याशी बोलताना ‘मावशी’. त्या मला ‘बेबी’ म्हणत.

गाडीतल्या रेडिओवर तेव्हा अरीथा फ्रँकलिन आणि जॉर्ज मायकल यांचं ‘आय न्यू यू वेअर वेटिंग’ सारखं लागायचं. ठेका साठच्या दशकातल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांच्या वळणाचा. फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, एप्रिलमध्ये अमेरिकेत. अमेरिकेत अरीथाला हा मान १९६७च्या ‘रिस्पेक्ट’नंतर पहिल्यांदाच मिळत होता. मावशींना त्याचा घरचा अभिमान, कारण अरीथा गावातली. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. तिचा गळा त्या चर्चमध्ये तयार झालेला.

मावशी मला गाणं ऐकायला शिकवत. “बघ, ती त्या पोराला खाऊन टाकत नाही,” म्हणत. भजनात बुवांची ओळ टाळकऱ्यांनी झेलावी तशी ही दोघं एकमेकांची ओळ झेलतात. जॉर्ज तेवीस वर्षांचा, त्याचा ‘व्हॅम’ हा बँड नुकताच मोडलेला. तो नावाजलेला खरा, पण अरीथापुढे कोणीही नवखाच.

एकदा कॅसेटच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव वाचून मी चमकले: नराडा मायकल वॉल्डन. म्हणजे आपले नारद! श्री चिन्मय यांच्या या अमेरिकन शिष्याला ते नाव गुरूंनी दिलेलं. मावशींनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत नारदमुनींची सगळी गोष्ट ऐकून घेतली. वीणा, तिन्ही लोकांतली भटकंती, कळ लावणं, सगळं. पुढच्या रविवारी ती त्यांनी चर्चमधल्या मैत्रिणींना सांगितली, वर माझ्याकडे बोट दाखवून. त्या परक्या गावात आपल्याकडेही सांगण्यासारखं काही आहे, हे मला त्या दिवशी पटलं. गाडी काय, कोणीही शिकवली असती.

पुढल्या वर्षी त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. जॉर्ज २०१६मध्ये गेला, अरीथा २०१८मध्ये. मावशी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. त्यांनी लावलेली सवय मात्र टिकून आहे. तुम्हीही ती लावून घ्या: मोठ्या गळ्याची पारख नुसत्या तानेवरून करू नका. सोबत धाकटा गात असताना तो मोठा गळा त्याला किती जागा देतो, ते ऐका.