शीआनची सहल आणि मुलांच्या तीन ओळी

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय शाळेच्या सहलीचा आहे, पण नुसत्या सहलीचा नाही.

मी शांघायमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत इतिहास शिकवते. सातवी-आठवीची २२ मुलं घेऊन आम्ही चार दिवस शीआनला गेलो होतो. जुनं नाव छांगआन. चीनच्या अनेक राजघराण्यांची राजधानी आणि रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. मुलांमध्ये सहा भारतीय, त्यातली तीन मराठी घरातली. बाकी कोरिया, इंडोनेशिया, जर्मनी, ब्राझील अशी कुठकुठली.

निघायच्या आधी पालकांच्या ग्रुपवर नेहमीचे प्रश्न आले. शाकाहारी मिळेल ना? रात्री थंडी किती असते? मग एका बाबांनी सरळ विचारलं, "मॅडम, ह्यांचा इतिहास आपल्या मुलांनी कशाला बघायचा? सीमेवर काय झालं ते विसरलात का?" मला राग आला नाही. २०२० मध्ये गलवानला आपले जवान गेले, ते कोण विसरेल? मी इतकंच लिहिलं, "मुलांना आधी बघू द्या, मग बोलू."

यावेळी एक नियम केला होता. पहिल्या दिवशी मुलांना काहीही माहिती द्यायची नाही. गाईडलाही तशी विनंती केली. रात्री प्रत्येकाने एका कार्डावर तीन ओळी लिहायच्या: काय दिसलं, काय अपेक्षित नव्हतं आणि कोणता प्रश्न पडला. ही कार्डं वाचताना मला जे मिळालं ते पाठ्यपुस्तकात नाही.

एकीने लिहिलं, "जुनं शहर म्हणजे शांत असेल असं वाटलं होतं. हे तर दादर स्टेशन आहे." खरंच आहे. तटाच्या आत मॉल, हॉटेलं, रहदारी, जमिनीखाली मेट्रो. जुनी घरं फार थोडी उरली आहेत. संध्याकाळी पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन, केसांत फुलं माळून शेकडो मुली फोटो काढत फिरतात. एका मुलाचा प्रश्न होता, "यातलं खरं कुठलं आणि सेट कुठला?"

एकाने फक्त जेवणाबद्दल लिहिलं. तिथे पाओमो नावाचा पदार्थ मिळतो. वाडगा आणि जाड रोटी हातात देतात. रोटीचे अगदी बारीक तुकडे आपणच करायचे, मग आतून त्यावर मटणाचा गरम रस्सा घालून आणतात. आमचा कोल्हापूरचा गडी म्हणाला, "मॅडम, हा तर भाकरी-रश्श्याचा काला!"

दुसऱ्या दिवशी तटावर सायकली भाड्याने घेतल्या. घेर १३.७ किलोमीटर, उंची १२ मीटर, आणि वरची रुंदी इतकी की चार-पाच सायकली शेजारी शेजारी चालतील. मिंग राजवटीत, १३७०च्या दशकात तो बांधला. पण मुलांना मी सांगितली ती गोष्ट बांधण्याची नाही, वाचण्याची. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हा तट पाडायचं घाटत होतं. बीजिंगचा तट तसाच गेला, त्याच्या जागी रस्ता आणि मेट्रो आली. शीआनमध्ये मात्र जाणकारांनी हरकत घेतली, विषय वरपर्यंत गेला आणि १९६१ मध्ये तट राष्ट्रीय संरक्षित यादीत आला. १९८३ पासून मोठी डागडुजी झाली. त्यामुळे बऱ्याच विटा नव्या आहेत हेही मुलांना दाखवलं. आता पायथ्याशी खंदक आहे, बाग आहे. तिथे सकाळी म्हातारी माणसं व्यायाम करतात, वाद्यं घेऊन गात बसतात. जर्मन मुलीच्या वहीत होतं, "वर तिकीट लागतं, खाली आजोबांना लागत नाही. मला खालचं जास्त आवडलं."

तिसरा दिवस मातीच्या सैनिकांचा. तिथे गर्दी इतकी की एकाने लिहिलं, "सैनिकांपेक्षा मोबाईल जास्त दिसले." १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले. पहिला सम्राट इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी स-मा छ्येन या इतिहासकाराने त्याच्या कबरीचं वर्णन लिहिलं, त्यात पाऱ्याच्या नद्यासुद्धा आहेत, पण या सैनिकांचा उल्लेखच नाही. हे ऐकून वर्ग गप्प झाला. एवढी मोठी गोष्ट लिहिणाऱ्याने लिहिली नाही आणि कुदळीला सापडली. सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेली नाही. सैनिकांवरचे रंग हवा लागताच उडाले, त्यामुळे घाई नको असं तज्ज्ञ म्हणतात. "मग थांबायचं कुणी ठरवलं?" हा प्रश्न कोरियन मुलाचा.

उभे दिसणारे बहुतेक सैनिक तुकड्यांतून जोडलेले आहेत. खड्ड्याच्या मागच्या बाजूला जोडणीचं काम चालतं, तिथे मुलं सगळ्यात जास्त रेंगाळली. काही सैनिकांच्या अंगावर कारागिरांची नावं कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली आहेत. कौतुकासाठी नव्हे हां, काम खराब निघालं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. आमची मराठी पोरगी पटकन म्हणाली, "आमच्या गावच्या रस्त्यावर असं नाव पाहिजे." सगळे हसले. मी पण हसले, पण वाक्य डोक्यातून जाईना. नाव कुठे लिहायचं याचे आपले हिशेब उलटे झालेत. किल्ल्याच्या दगडावर बदाम काढून स्वतःचं नाव कोरतो आणि दोन पावसाळ्यांत उखडणाऱ्या रस्त्यावर कुणाचंच नाव सापडत नाही.

मग गल्लीबोळातली मोठी मशीद. आत उभी राहून मुलं विचारत होती, "मशीद कुठाय?" घुमट नाही, उंच मिनार नाही. चिनी पद्धतीची उतरती छपरं, लाकडी कमानी, एकापाठोपाठ एक अंगणं. नमाजाच्या दालनात इतरांना प्रवेश नाही. आमच्यातला हैदराबादचा मुलगा एकटा आत जाऊन आला. बाहेर आल्यावर म्हणाला, "भिंतींवर लाकडात आयती कोरल्यात. मला वाचता आल्या." चार दिवसांत त्याने एवढं एकच वाक्य आपणहून सगळ्यांसमोर बोललं.

शेवटच्या दिवशी रानहंसाचा मोठा पॅगोडा. सात मजली, ६५२ मध्ये बांधायला घेतलेला, कशासाठी तर भारतातून आणलेले ग्रंथ आणि मूर्ती ठेवायला. आणणारा युआन श्वांग, आपल्या सहावीच्या पुस्तकातला. बादशहाची परवानगी नसताना तो चोरून सरहद्द ओलांडून निघाला, भारतभर फिरला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन छांगआनला परतला. पुढच्याच वर्षी त्याचं प्रवासवर्णन तयार झालं. त्यात महाराष्ट्र आहे. पुलकेशीचं राज्य आहे, लढाईआधी दारू पाजलेले हत्ती आहेत. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतात, पण आधी शत्रूला कळवून, असं तो लिहितो. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं त्याने केलेलं वर्णन अभ्यासक अजिंठ्याशी जोडतात.

त्या बाबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. ह्यांचा इतिहास बघताना मध्येच आपला निघतो. चौदाशे वर्षांपूर्वी आपण कसे दिसत होतो, याची एक मोठी साक्ष या शहरात बसून लिहिली गेली. आपल्याकडचे शिलालेख आहेतच, पण राजाच्या पदरी नसलेला परका माणूस काय पाहतो, त्याची किंमत वेगळी असते. याचा अर्थ सीमेवरचा प्रश्न खोटा, असा नाही. शेजाऱ्याशी भांडण असेल तर त्याला नीट ओळखण्याची गरज वाढते, एवढंच म्हणणं आहे. बाबांचं मत बदललं असंही नाही. त्यांच्या मुलाच्या कार्डावर मात्र प्रश्न होता, "इथली मुलं सहलीला अजिंठ्याला येतात का?" येत नाहीत बाळा. २०२० नंतर पाच वर्षं तर दोन देशांत थेट विमानसुद्धा नव्हतं.

आता गावाकडच्या शिक्षक मित्रांशी थोडं. शीआनला जायची गरज नाही, परवडणारही नाही. पण डिसेंबर-जानेवारीत एसटी भरून निघणाऱ्या आपल्या किती सहली आता वॉटर पार्कला जातात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुलांनी पाण्यात खेळावं, जरूर खेळावं. पण एक दिवस जवळच्या जुन्या गावाला ठेवा. छत्रपती संभाजीनगरचे दरवाजे आहेत, पैठण आहे, तुमच्याच तालुक्यातली पडकी वेस असेल, बारव असेल. जाताना भाषण देऊ नका. वाटेत इतिहासाचा पाढा म्हणवून घेऊ नका. तीन ओळी लिहून घ्या आणि मगच बोला.

आणि त्या वेशीपुढे एक प्रश्न मुलांना नक्की विचारा: ही वेस अजून उभी आहे, ती कोणामुळे? उत्तर शोधायला मुलं ग्रामपंचायतीत गेली, म्हाताऱ्या माणसांना भेटली, जुनी कागदपत्रं मागू लागली, तर आडवू नका. थोडा त्रास होईल, कारण पुढचा प्रश्न ठरलेलाच आहे: पलीकडची वेस पाडली कोणी, आणि तेव्हा तुम्ही कुठे होता?

यंदा तुमच्या शाळेची सहल कुठे गेली होती? मुलांनी घरी येऊन पहिल्यांदा काय सांगितलं, ते जरूर लिहा. मी सगळं वाचणार आहे.