भिंतीपलीकडचा आवाज

इंदुरात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक काकू एकट्याच राहतात. वय ८२. गेल्या पावसाळ्यात त्यांचा पुण्याचा मुलगा मला म्हणाला, "सर, आईला रात्री घरात कोणी पुरुष बोलल्याचा भास होतो. शब्द कळत नाहीत म्हणते. डॉक्टरांना दाखवावं म्हणतो." मी मान डोलावली. हौशी रेडिओकेंद्र चालविणाऱ्या माणसाला त्याच क्षणी उमगायला हवे होते; मला ते घरी नोंदवही उघडल्यावर उमगले. काकूंच्या भासाच्या रात्री आणि १४ मेगाहर्ट्झवरील माझ्या संभाषणांच्या रात्री एकच होत्या.

तरीही अभिमान आडवा आलाच. माझ्या ट्रान्समीटरला लो-पास फिल्टर आहे, मग माझे केंद्र स्वच्छच, हा माझा युक्तिवाद. वस्तुतः तो फिल्टर ३० मेगाहर्ट्झच्या वरचे, म्हणजे मूळ लहरीच्या तिपटी-चौपटीचे उपद्रवी अंश अडवितो. मूळ लहर त्याने सोडायचीच असते. तीच लहर काकूंच्या भजनाच्या स्पीकरांच्या लांब तारांवर उतरत होती. तारांचे झाले एरियल, आणि अँप्लिफायरने त्या लहरीतून ओबडधोबड आवाज काढला. सिंगल साइडबँडवरील बोलणे असे ऐकू आले की घोगरे, तुटक, निरर्थक वाटते. काकूंनी वर्णन अगदी अचूक केले होते! माझी लहर नेमून दिलेल्या पट्ट्यातच होती, हे खरे. पण एका शहाण्या बाईला भ्रमिष्ट ठरवायला निघालेल्यांत मीही होतो.

रविवारी फेराइटची कडी घेऊन गेलो. लोहाच्या ऑक्साइडापासून भाजून केलेली ही काळी, ठिसूळ वस्तू. स्पीकरांच्या तारा अँप्लिफायरजवळच कड्यातून सहा-सहा वेळा ओवल्या. (एकदाच ओवून फारसे साधत नाही, वेढे सहा झाले की विरोध ढोबळमानाने ३६ पट होतो.) भजनाचा प्रवाह एका तारेने जातो, दुसरीने परततो; त्याला कडे अडवीत नाही. दोन्ही तारांवर एकाच दिशेने चढणारी लहर मात्र तेथे अडते. माझ्या एरियलच्या केबललाही तसेच वेढे दिले.

मग फोन चालू ठेवून घरून बोलून पाहिले. पहिल्या खेपेस थोडी कुजबुज उरली होती; अँप्लिफायरच्या विजेच्या वायरीलाही कडे घातले.

"आता नाही हो," काकू म्हणाल्या. जरा थांबून, "म्हणजे होतं ना कोणीतरी?"

"होतं, काकू. मीच."

मुलाला फोन त्यांनी स्वतः लावला.