भुयारातले चौघं

बाबा पहिल्यांदा मेले ते गॉब्लिनांच्या हातून. आधी ते आडवे झाले, मग आई, मग ताई आणि शेवटी मी. चार जणांची पार्टी, गुहेचं पहिलंच वळण आणि खेळ खलास. खरे बाबा माझ्या मागे दिवाणावर बसून लसूण सोलत होते.

"मी मेलो काय रे?"

"सगळेच मेलो."

"मग आता?"

"आता मागचं सेव्ह उघडायचं. तिथून परत सुरू."

"बरंय तुमचं," बाबा म्हणाले आणि पुढची पाकळी घेतली.

गेमचं नाव 'अ‍ॅव्हर्नम: एस्केप फ्रॉम द पिट'. ताईने ऑफिसला नवीन लॅपटॉप घेतला, तिचा जुना माझ्याकडे आला. मित्रांनी 'बाल्डर्स गेट 3' घे म्हणून डोकं खाल्लं होतं, पण त्याला दीडशे जीबी जागा लागते आणि या लॅपटॉपला ब्राउझरच्या पाच टॅब उघडल्या तरी धाप लागते. अ‍ॅव्हर्नम काही शे एमबीत येतो. सेलमध्ये घेतला तेव्हा दोन वडापाव आणि एका कटिंगच्या आसपास पैसे गेले असतील. आत्तापर्यंत पंधराएक तास झालेत. म्हणजे हे काही परीक्षण नाही, नव्या जागी राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात जे दिसतं तेवढंच.

दिसतं ते असं की गेम दिसायला गरीब आहे. तिरक्या कोनातून दिसणारा नकाशा, हाताच्या बोटाएवढी माणसं, तीच दगडी भिंत, तोच टेबल, तोच पिंप गावोगावी. सुरुवातीची धून संपली की संगीत नाही. गुहेचे बारीकसारीक आवाज येतात, त्यापेक्षा लॅपटॉपच्या पंख्याचा आणि खाली सोसायटीत लागलेल्या टँकरच्या मोटरचा आवाज मोठा असतो. जेफ व्होगेल नावाच्या माणसाने गणितातलं पुढचं शिक्षण सोडून 1994 मध्ये सिअ‍ॅटलला स्पायडरवेब सॉफ्टवेअर काढलं. जवळजवळ घरगुती धंदा, बायकोसोबत चालवलेला. 'एक्झाइल' हा पहिला गेम 1995 चा. तोच 2000 मध्ये 'अ‍ॅव्हर्नम' म्हणून पुन्हा बांधला, आणि मी खेळतोय ती आवृत्ती 2011-12 मधली. एकच गोष्ट तीनदा विकली असं म्हणा किंवा एकच घर तीनदा दुरुस्त केलं असं म्हणा. आपले गेम दिसायला भिकार का असतात यावर त्याने 2019 मध्ये ब्लॉगवर सविस्तर लिहिलंय, आणि त्यात लाजल्याचा मागमूस नाही.

मला हे आवडलं. चित्रांत जे नाही ते तो दोन-तीन ओळींत लिहून टाकतो. खोलीत पाऊल टाकलं की एक चौकट उघडते: इथे कोण राहतं, कसला वास येतोय, तुमच्याकडे बघून कोणी दार लावून घेतलं. बाबांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत जातो. तिसऱ्या दिवसापासून ते आठच्या बातम्या सोडून येऊन बसायला लागले.

पार्टी बनवताना नावं द्यावी लागतात. मी घरातलीच दिली. बाबांना तलवार आणि ढाल. आईकडे जखमा भरून काढायचे मंत्र, कारण दुसरं कोणाला शोभलं नसतं. ताईकडे आगीचे मंत्र, तेही त्याच कारणाने. मी धनुष्यवाला, कुलपं उघडणारा, मागे राहणारा.

लढाई सुरू झाली की जमिनीवर चौकोन उमटतात आणि पाळीपाळीने चालावं लागतं. चार वेळा मार खाल्ल्यावर जुनी युक्ती कळली: मोकळ्यावर लढायचंच नाही. दारात बाबांना उभं करायचं, म्हणजे शत्रू कितीही असले तरी एका वेळी एकच अंगावर येतो, आणि मागून बाकीच्या तिघांनी आपलं काम करायचं. नालासोपाऱ्याहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या कोणाला हे शिकवावं लागू नये! दार कोणी धरायचं, बॅग कोणी आत पास करायची, बोरिवलीला कोणाला चढू द्यायचं नाही, हे सगळं आमच्या डब्यात रोज होतं. बाबांनी हे दार वीसेक वर्षं धरलं. आता गुडघे गेलेत.

तक्रारीही आहेत. सामानाची पिशवी सांभाळणं म्हणजे शिक्षा आहे. गेम तुम्हाला चमचे, ताटल्या, तुटक्या फळ्या सगळं उचलू देतो आणि माझ्यासारखा माणूस उचलतोच. कोणाचं तरी हरवलेलं सामान आणायला अर्धा नकाशा तुडवायचा आणि परत यायचं, हेही फार. पेट्या उघडल्यावर बहुतेक वेळा चार नाणी आणि पाव निघतो. आमच्या सोपाऱ्यातला खजिना याहून बरा होता. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाचा कोट म्हणतात तो ढिगारा खणला, तर निघाला स्तूप. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, मग चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची, सगळ्यात आत सोन्याची. त्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. व्होगेलला हे कोणीतरी कळवायला हवं.

पण मला रात्री दीडपर्यंत जागवते ती गोष्ट. वर जमिनीवर एक साम्राज्य आहे. त्यात न बसणाऱ्या माणसांना, म्हणजे चोर, बंडखोर, नुसते विक्षिप्त, सगळ्यांनाच, ते एका जादूच्या दारातून खाली गुहांमध्ये ढकलतं. दार एकाच बाजूने चालतं. खाली सूर्य नाही, चमकणाऱ्या बुरशीचा उजेड आहे. लोक अळंबी खातात, सरडे पाळतात. आणि तरी त्यांनी गावं वसवलीत, राजा केलाय, किल्ले बांधलेत. नवीन कोणी येऊन पडलं की फोर्ट अ‍ॅव्हर्नममध्ये त्याला जुजबी कपडे-हत्यारं देतात आणि सांगतात, आता बघ तुझं तू.

हे मी मराठीत सांगत होतो तेव्हा बाबांचे हात थांबले.

ते 1979 मध्ये एकोणिसाव्या वर्षी गिरणीत लागले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बाबांसाठी ते गेट परत उघडलं नाही. पुढे वॉचमनची कामं. 1994 मध्ये लालबागची पागडीची खोली सोडून नालासोपारा पूर्वेला, जिथे तेव्हा स्टेशनवरून घरी यायला बॅटरी लागायची. मी इथेच जन्मलो. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचा अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, आईच्या शालूखाली आहे. मी रोज दादरला गाडी बदलून लोअर परळला उतरतो आणि पूर्वी गिरणी होती त्या आवारातल्या काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर बसतो. यावर आम्ही घरात कधी बोलत नाही.

"वर जायचा रस्ता हाय काय?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं की आहे म्हणतात. पुढे मोठी कामं तीन आहेत: वर जायचा रस्ता शोधणं, सम्राटाचा सूड घेणं आणि खालच्या एका राक्षसाला संपवणं. कुठलं आधी करायचं ते आपण ठरवायचं.

"राक्षस पहिला," बाबा म्हणाले. "राहायचं तर इथंच हाय ना ह्यांना."

"पण रस्ता सापडला तर?"

"तू जा की. तू धनुष्यवाला."

मी स्क्रीनकडेच बघत राहिलो. बेंगळुरूच्या कंपनीचं पत्र येऊन नऊ दिवस झालेत आणि मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ताईला माहीत आहे. आईला बहुतेक कळलंय, कारण तिने परवा सहज विचारल्यासारखं विचारलं की तिकडे खोलीचं भाडं काय असतं. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

काल रात्री आम्ही सिल्व्हरपर्यंत पोचलो. गाव लहान आहे, पण दुकानं आहेत. बाबांसाठी बरं चिलखत घ्यायचं होतं, पैसे कमी पडले. मी गोळा केलेले सगळे चमचे आणि ताटल्या विकल्या, तरी पुरले नाहीत. "माझं राहू दे," बाबा मागून म्हणाले, "पहिले आईला काहीतरी घे." मी आईला बूट घेतले, गेम सेव्ह केला आणि लॅपटॉप मिटला. बाबा अजून बसले होते.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.