पुस्तक मिटल्यावर

दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले की एक वाक्य हमखास कानावर येतं, "बाई, वाचलं होतं, पण आठवलंच नाही." असं म्हणणारी मुलं आळशी नसतात. त्यांतली बरीचशी घरी तासन्‌तास पुस्तक घेऊन बसणारी असतात. एकीने मला सांगितलं होतं, "बाई, पान डोळ्यांसमोर दिसत होतं. डाव्या बाजूला, चौकटीच्या खाली उत्तर होतं. शब्द तेवढे येत नव्हते." दुखण्याचं मूळ तिने अगदी नेमकं सांगितलं होतं. पानाची ओळख पक्की झालेली असते, पण पानावरचा मजकूर आपला आपण बाहेर काढायची सवय झालेली नसते. तीनदा वाचलेलं पान चौथ्यांदा समोर आलं की सगळं सोपं वाटतं, पुढचं वाक्य काय आहे ते आधीच कळतं, आणि हे आपल्याला येतं असं मुलांना मनापासून वाटतं. परीक्षेत पान समोर नसतं.

म्हणून माझ्या तासाची पहिली दहा मिनिटं कागदाची असतात. पुस्तक दप्तरात, वही दप्तरात, बाकावर फक्त एक पाठकोरा कागद. मी फळ्यावर एक ओळ लिहिते, बहुतेक वेळा आठवडाभरापूर्वी झालेल्या भागाची. 'धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी', किंवा 'मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीचे गुण आणि त्रुटी'. आठवेल ते सगळं लिहायचं. क्रम चुकला तरी चालेल, आकृती काढली तरी चालेल. पहिली दोन मिनिटं पेनं भराभर चालतात. मग वर्ग थांबतो. कुणी पेनाचं टोपण चावतं, कुणी पंख्याकडे बघत बसतं. नव्या शिक्षकांना हा थांबलेला वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि ते घाईने पुस्तक उघडायला सांगतात. मी सांगत नाही. मला तीच मिनिटं सगळ्यांत मोलाची वाटतात, कारण खरा अभ्यास तिथेच चाललेला असतो. अजून एक मुद्दा आहे, तो कुठेतरी आहे, असं म्हणत पोर आत शोधत असतं. शेवटी पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचं. तो दुसरा रंग म्हणजे त्या मुलाचा त्या दिवसाचा अभ्यासक्रम. बाकीचं त्याला येतंय, त्यावर वेळ घालवायची गरज नाही.

या कागदाला मी मार्क देत नाही. मार्क आले की भीती येते, भीती आली की शेजारच्या कागदावर नजर जाते, आणि ज्या कोऱ्या जागेतून मुलाला स्वतःची उणीव कळायला हवी ती दुसऱ्याच्या वाक्यांनी भरून निघते.

हे नुसतं माझ्या वर्गातलं निरीक्षण नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासाला दिला होता. एका गटाने तो चार सत्रं वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं, उतारा समोर नसताना, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आपल्याला हे चांगलं लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पाच मिनिटांनी चांगलं आठवतं, आणि त्याच जोरावर मूल रात्री पुस्तक मिटून समाधानाने झोपतं. फसगत होते ती तिथे. विहिरीचा उपसा होत राहिला तरच तिचे झरे मोकळे राहतात, तसं स्मरणाचं आहे. वरून कितीही ओतलं तरी उपशाशिवाय ते टिकत नाही.

यावर मुलं विचारतात, "मग पाठांतर करायचंच नाही का?" करायचं. पाठांतराला नावं ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. वर्गसमीकरणाचं सूत्र, मूलद्रव्यांच्या संज्ञा, सातचा पाढा या गोष्टी तोंडपाठच हव्यात. त्या शोधण्यात डोकं गुंतलं तर गणितासाठी उरत नाही. अडचण असते ती एकाच दिशेने, एकाच चालीत केलेल्या पाठांतराची. सात आठे किती, असं मध्येच विचारलं की मूल मनातल्या मनात सात एके सातपासून सुरुवात करतं आणि पायऱ्या चढत छप्पन्नवर पोचतं. पाढा येतो, पण दारातूनच आत शिरावं लागतं. खिडकी नसते. म्हणून पाढा आला की तो उलटा म्हणायला लावावा, मधूनच विचारावा, छप्पन्न कुठेकुठे येतात ते विचारावं.

आपल्याकडच्या वेदपठणाच्या परंपरेला हे पुरतं ठाऊक होतं. घोकंपट्टीचं उदाहरण म्हणून लोक तिच्याकडे बोट दाखवतात, पण तिथे मंत्र फक्त सरळ म्हणत नाहीत. संहितेनंतर पदपाठात एकेक पद सुटं करतात. क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं अशा जोड्या लागतात. जटापाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. घनपाठात तीन-तीन पदं पुढे-मागे फिरतात. तिथवर पोचलेल्याला घनपाठी म्हणतात, आणि त्यासाठी बरीच वर्षं द्यावी लागतात. एकही अक्षर गळू नये म्हणून त्या लोकांनी प्रत्येक पदाकडे जायला अनेक वाटा करून ठेवल्या. आमच्या मुलांना घनपाठी व्हायचं नाही, पण एका गोष्टीकडे दोन-तीन बाजूंनी जाता आलं पाहिजे, एवढं तिथून जरूर घ्यावं.

भूमितीत याची फार गरज असते. सरावसंच सोडवताना वर प्रकरणाचं नाव असतं, त्यामुळे कोणतं प्रमेय वापरायचं याचा विचारच करावा लागत नाही. पायथागोरसच्या प्रकरणात पायथागोरस, वर्तुळाच्या प्रकरणात स्पर्शिका. मूल दहापैकी नऊ उदाहरणं सोडवतं, पेपरात मात्र अडतं, कारण तिथे वर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. आमच्या गणिताच्या सरांनी यावर सोपा उपाय केला. सगळ्या प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली. चिठ्ठी काढायची आणि आधी फक्त सांगायचं, इथे काय वापरायचं आणि कशावरून. सोडवणं नंतर. सुरुवातीला मुलं वैतागतात, कारण चुका वाढतात आणि वेग कमी होतो. तरीही हा डबा मी प्रत्येक शाळेत ठेवायला सांगेन. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात तर ही सोय आयतीच आहे. भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवलेत. कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला भारताची नदीप्रणाली, दुसऱ्या बाजूला ब्राझीलची. गंगेच्या समोर ॲमेझॉन लिहिताना दोन्ही एकमेकींना धरून ठेवतात.

आता वेळेचं. हरमान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, ठरावीक वेळाने त्या पुन्हा शिकायला किती श्रम वाचतात ते मोजलं. १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. तासाभरात अर्ध्याहून जास्त फायदा गेलेला असे, दिवसाने साधारण एक तृतीयांश उरे, महिन्याने एक पंचमांशाच्या आसपास. आमचे धडे निरर्थक नसतात, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. पण उताराची तऱ्हा तीच आहे. विसरणं पहिल्या दिवशी सर्वांत वेगाने होतं, मग मंदावतं. म्हणजे पहिली उजळणी त्याच संध्याकाळी, पुढची दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जून-जुलैत शिकवलेलं गुरुत्वाकर्षण थेट पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं तर ते नव्यानेच शिकावं लागतं, आणि तेव्हा उरलेले नऊ धडेही रांगेत उभे असतात.

एवढं वेळापत्रक डोक्यात ठेवणं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जमत नाही. त्यासाठी खोका आहे. सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली तो सुचवला. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि खोक्यात पाच कप्पे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. आमच्याकडे बुटांचा खोका आणि जुन्या लग्नपत्रिका वापरतात. पत्रिकेचा कागद जाड असतो, मागची बाजू बहुधा कोरी असते, आणि तुळशीच्या लग्नानंतर घरोघरी त्यांचा ढीग लागतो. कार्ड लिहायला मात्र शिकवावं लागतं. मुलं लिहितात, 'न्यूलँड्स'. हा प्रश्नच नाही. 'न्यूलँड्सचा नियम कोणत्या मूलद्रव्यापर्यंतच लागू पडला?' हा प्रश्न आहे, आणि 'कॅल्शिअम' हे त्याचं उत्तर. 'निकटदृष्टितेला कोणतं भिंग, आणि का?' हा त्याहून चांगला, कारण त्यातला 'का' नुसत्या पाठांतराने सुटत नाही. विकतच्या तयार कार्डांपेक्षा स्वतः लिहिलेलं वेडंवाकडं कार्ड मला केव्हाही पसंत. प्रश्न काढता येतो तेव्हा निम्मा धडा समजलेला असतो.

युक्त्यांबद्दल थोडक्यात. 'ताना पिहि निपाजा' आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना इंद्रधनुष्याचे रंग देत आलं आहे, आणि ज्याला स्वतःचा तर्क नाही असा क्रम लक्षात ठेवायला असली अक्षरं उत्तम. जिथे तर्क आहे तिथे ती वापरू नयेत. त्रिकोणमितीचा तक्ता घ्या. ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांखाली ०, १, २, ३, ४ लिहा, प्रत्येकाला ४ ने भागा, वर्गमूळ काढा. साइनची ओळ तयार. तीच उलटी लिहिली की कोसाइन. परीक्षेच्या खोलीत घाबरून सगळं विसरलेलं मूलही अर्ध्या मिनिटात हा तक्ता उभा करू शकतं.

पिवळ्या हायलायटरबद्दल माझं मत कडक आहे. अख्खं पान पिवळं करून मुलांना काम झाल्याचं समाधान मिळतं, हाती काही लागत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती पुराव्यानिशी तपासल्या, त्यांत अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचन खालच्या पायरीवर राहिले. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये पसरणं हे दोनच सर्वांत वर आले. गाईडमधलं तयार उत्तर वाचत राहणं हेही पुन्हा पुन्हा वाचनच. गाईड जरूर घ्या, पण प्रश्न वाचून त्यावर हात ठेवा, आपलं उत्तर वहीत लिहा, मगच हात उचला.

आणि झोप. रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलाचं कौतुक पालक माझ्यापुढे अभिमानाने करतात. कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ साली दाखवलं होतं की पाठ केल्यावर झोपलेल्या माणसाला, तेवढाच वेळ जागं राहिलेल्यापेक्षा जास्त आठवतं. पुढच्या संशोधनाने ते अधिकच पक्कं केलं. पहाटे उठून अभ्यास करायला माझी हरकत नाही, मात्र त्यासाठी रात्री दहाला दिवा बंद झाला पाहिजे.

पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, "बाई, आम्ही सातवीपर्यंत शिकलेलो. पोराला विज्ञान काय शिकवणार?" शिकवायचं नाहीच. ते शाळेचं काम आहे. पण ज्याला मराठी वाचता येतं त्याला कार्डावरचा प्रश्न विचारता येतो आणि मागचं उत्तर ताडून बघता येतं. ज्या आजीला वाचता येत नाही तिला ऐकता येतं. नातीने तिला विद्युत चलित्र कसं फिरतं ते समजावून सांगावं, आजीने "ते का फिरतं गं?" एवढंच विचारावं. जिथे नात अडखळेल तो भाग कच्चा. भाकऱ्या थापताना आईने पाच प्रश्न विचारले, तर शिकवणीच्या एका तासाइतकं काम होतं असं मी अनुभवाने सांगते. चुकलं तर रागावू नका. चुकून मग कळलेलं उत्तर चांगलं टिकतं, मात्र चुकायची भीती बसली की मूल उत्तर द्यायचंच थांबवतं.

तेव्हा आज रात्री मुलाला "अभ्यास झाला का?" असं विचारू नका. पुस्तक त्याच्या हातातून घ्या, मिटा, आणि म्हणा, "सांग बरं, आज काय वाचलंस?" मग तो आठवेपर्यंत थांबा.