प्री-सेशनलला निघालेल्या सईस

पुणे

प्रिय सई,

विद्यापीठाचं सत्र सुरू होण्याआधी उन्हाळ्यात भरणाऱ्या इंग्रजीच्या प्री-सेशनल वर्गांवर शिकवायला तू बर्मिंगहॅमला निघालीस आणि कुठली पुस्तकं बरोबर न्यावीत असं विचारलंस. त्याआधी त्याच गावातली एक हकीकत सांगते.

बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स आणि टोनी डडली-इव्हान्स परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत. त्यांच्यापुढे वाहतूकशास्त्र आणि वनस्पतिजीवशास्त्र शिकायला आलेले पदव्युत्तर विद्यार्थी होते. पदव्या घेऊनच आलेली ही मंडळी. तरी विभागातलं व्याख्यान त्यांच्या हातून निसटायचं. का निसटतं, हे इंग्रजीच्या वर्गात बसून भाषाशिक्षकाला कळणं शक्य नव्हतं. मग दोघांनी विषयाच्या प्राध्यापकांनाच बरोबर घेतलं. व्याख्यान टेपवर घ्यायचं, भाषाशिक्षकाने ते ऐकून प्रश्न काढायचे, आणि विद्यार्थी, प्राध्यापक, भाषाशिक्षक अशा सगळ्यांनी एकत्र बसून अडलेल्या जागा सोडवायच्या. परीक्षेतला प्रश्न नेमकं काय मागतो, तेही असंच समोरासमोर समजून घ्यायचं. १९८० साली ब्रिटिश कौन्सिलच्या प्रकाशनात हा प्रयोग छापून आला. त्यातलं मोठेपण असं की शिकणारा एकटा विद्यार्थी राहिला नाही. आपलं बोलणं कुठे अडतं हे प्राध्यापकाला कळू लागलं, आणि आपण शिकवतो ते इंग्रजी पुढे कुठल्या कामी येतं हे भाषाशिक्षकाला.

तुझ्या वर्गातली बरीच मुलं प्रवेशासाठीच्या आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेच्या अटीला अर्ध्या-एका बँडने कमी पडलेली असतील. साडेसहा हवे होते, सहा मिळाले. हाताशी थोडेच आठवडे, म्हणून सराव-पेपर घोटून घ्यायचा मोह होईल. तो टाळ. आयेल्ट्सचा निबंध चाळीस मिनिटांत, किमान अडीचशे शब्दांत, एकही पुस्तक न उघडता लिहायचा असतो. विद्यापीठातला निबंध लिहायला कित्येक आठवडे लागतात आणि त्यात दहा लेखकांची मतं तोलावी लागतात.

त्या दहा लेखकांपाशीच खरी पंचाईत होते. गाइडमधलं उत्तर शब्दशः उतरवून पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मुलं आपल्याकडे घरोघरी सापडतील. तुझ्यापुढेही अशा सवयीची मुलं येतील. त्यांना आल्याआल्या वाङ्मयचौर्याच्या शिक्षा वाचून दाखवल्या की ती घाबरतात, आणि मूळ वाक्य तसंच ठेवून एकेका शब्दाला पर्याय शोधत बसतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. पाठांतराबद्दल ज्यांना वर्षानुवर्षं शाबासकी मिळाली, त्यांना उतारा वाचून मिटवायला, कळलं ते आपल्या वाक्यांत मांडायला आणि मग मूळ लेखकाचं नाव जोडायला कुणीतरी शांतपणे शिकवायला हवं. ‘सिद्ध होतं’ कुठे म्हणायचं आणि ‘असं दिसतं’वर कुठे थांबायचं, तेही. या एका गोष्टीवर आठवडा गेला तरी जाऊ दे.

पुस्तकांचं म्हणशील, तर जॉन स्वेल्स यांचं १९९०चं ‘जॉनर ॲनालिसिस’ ने. शोधलेखाची प्रस्तावना कशी पुढे सरकते, ते त्यात उलगडलं आहे: आधी विषयाचं महत्त्व, मग आजवरच्या कामातली उणीव, मग ती आपण कशी भरणार ते. आणि ॲव्हरिल कॉक्सहेड यांची यादी ठेव. न्यूझीलंडमध्ये सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर तपासून त्यांनी २००० साली ५७० शब्दकुलं, म्हणजे एकाच मूळ शब्दाच्या रूपांचे गट, प्रसिद्ध केली. नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द वगळून, कला, वाणिज्य, कायदा, विज्ञान या चारही शाखांत भेटणारी ही कुलं. मात्र यादी पाठ करून घेऊ नकोस. ज्याचा जो विषय, त्यातला एखादा लेख त्याच्यापुढे ठेव आणि हे शब्द, प्रस्तावनेच्या या पायऱ्या त्यालाच शोधू दे.

पोचल्यावर पहिल्याच दिवशी, कोण कुठल्या विभागात जाणार आहे त्याची यादी माग. मग त्या विभागांतल्या प्राध्यापकांना पत्र टाक: गेल्या वर्षीच्या एखाद्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग, एक निबंधाचा विषय, आणि लिहिणाऱ्यांच्या परवानगीने, नावं काढून, एक चांगला व एक कच्चा निबंध. सुट्टीचे दिवस आहेत, काहींचं उत्तर येणार नाही. तरी पुन्हा विचार. ज्यांचं येईल त्यांना तासभर वर्गात बोलाव आणि मुलांना त्यांनाच प्रश्न विचारू दे.

काय काय मिळालं ते सविस्तर कळव.

तुझी,
मावशी